उजवीकडच्याने आज काय केलं

माझी मुलगी निष्क्रिय आहे, हे मला एका रविवारी दुपारी जेवताना कळलं. सांगितलं तिनेच, आणि तेही पानात वाढून घेता घेता.

"बाबा, माझं शिबिराचं काही खरं नाही. सर म्हणाले, माझा सहभाग सक्रिय नाहीये."

एवढं बोलून ती जेवायला लागली. माझा घास मात्र हातातच राहिला. आमच्या घराण्यात माणसं नापास झाली आहेत, एका काकांनी तर लागलेली नोकरी पहिल्याच आठवड्यात घालवली होती, पण आजवर कोणी कोणाला निष्क्रिय म्हटलं नव्हतं. उलट आमच्यावर आरोप होतो तो नसत्या उठाठेवीचा. बायकोने तो त्याच वेळी केला, कारण माझा चेहरा पाहूनच तिला पुढचं सगळं दिसलं असावं. ती आणि तिचे सर बघून घेतील, तू यात पडू नकोस, असं तिने मला बजावलं. मी अर्थातच पडलो.

त्याला कारण होतं. स्काउट पथकाचं ते शिबिर तळ्याकाठच्या जंगलात होणार होतं आणि मुलीने त्याची पिशवी कधीच भरून ठेवली होती. पिशवी तिच्या खोलीच्या दाराशी उभी असायची आणि येता-जाता माझा पाय तिच्यात अडकायचा. गादी सोडून ती जमिनीवर झोपायला लागली होती. का, तर सवय हवी. आजवर एक रात्र ती आमच्याशिवाय राहिलेली नाही. हट्ट करणाऱ्यातली ती नव्हेच, चपलासुद्धा फाटल्यावर सांगते. अशा मुलीला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मनापासून हवं होतं, आणि ते एका शब्दावरून जाणार होतं. मला राहवेना.

तसं मला एरवीही राहवत नाही. मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक माझ्याकडे येऊन तक्रारी करतात आणि मी शांतपणे ऐकतो, त्यामुळे संध्याकाळी घरी येईपर्यंत माझ्या स्वतःच्या बऱ्याच साठलेल्या असतात. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला तरी त्याला लिफ्टबद्दल चार गोष्टी ऐकवल्याशिवाय माझा मजला येत नाही.

तर मी सरांना गाठलं. सर म्हणजे पथकप्रमुख. आठवडाभर ते चष्म्याचं दुकान चालवतात आणि रविवारी शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत पथक भरवतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पथकाची रीत समजावून सांगितली. दर रविवारी शेवटी सगळी मुलं गोल करून उभी राहतात. मग प्रत्येकाने एकच सांगायचं: माझ्या उजवीकडच्याने आज पथकासाठी काय केलं. स्वतःबद्दल कोणी काही बोलायचं नाही, कारण सरांच्या मते स्वतःबद्दल सगळेच फार छान बोलतात. उजवीकडच्याचं एक जरी काम सांगता आलं, तर त्याचा तो रविवार मोजला जातो. 'काही नाही' असं उत्तर आलं, तर नाही मोजला जात. ज्याचे बरेचसे रविवार कोरडे गेले, त्याला शिबिराला नेत नाहीत. जंगलात हाताची घडी घालून बसणारा कोणाला परवडत नाही, असं सरांचं म्हणणं.

आता गोल उभा राहतो उंचीप्रमाणे. माझी मुलगी सगळ्यांत बुटकी. गोल जुळला की बुटक्याच्या डावीकडे येतो सगळ्यांत उंच. आमच्या पथकात सगळ्यांत उंच होती एक मुलगी, जिला लहानथोर सगळे कॅप्टन म्हणायचे. आवाज असा की शिट्टीची गरज पडू नये. गाठी मारण्यात पहिली, तंबू ठोकण्यात पहिली. आणि ही कॅप्टन माझ्या मुलीबद्दल रविवारमागून रविवार एकच सांगत आली होती. काही नाही.

"कॅप्टन खोटं बोलत नाही," सर म्हणाले. माझा चष्मा सैल झालाय हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

घरी येऊन मी मुलीची उलटतपासणी घेतली. तू तिथे करतेस तरी काय? तर म्हणे, असतं काहीतरी. काहीतरी म्हणजे काय? तर म्हणे, काहीतरी म्हणजे काहीतरी. मग तिची आई मध्ये पडली, पण वेगळ्याच विषयावर. दर रविवारी ही गुडघ्यांवर धूळ आणि केसांत कोळिष्टकं घेऊन येते, ते आधी विचार, गणवेश मी धुते. मुलगी दोघांकडेही न बघता अंघोळीला गेली.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात. ते कोर्टात शिरस्तेदार होते, पण बोलतात असं की निकाल सगळे त्यांनीच दिले. त्यांना मी प्रकरण सांगितलं. ते म्हणाले, सहभाग असून चालत नाही, तो दिसावा लागतो. मुलीच्या हातात असं काही द्या की साक्षीदाराला कानाडोळा करताच येऊ नये. समोरच्या दारातल्या काकूही चर्चेत उतरल्या. त्यांच्या मुलाने लहानपणी असल्या पथकात इतके बिल्ले मिळवले होते की सदरा त्यांच्या वजनाने लोंबायचा, असं त्या सांगतात. त्यांनी सुचवलं स्ट्रेचर. जखमी माणूस उचलण्याइतकं ठळक काम दुसरं नाही, तो बघायला सगळे जमतातच.

मग मी स्ट्रेचर केलं. म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांचे दांडे काढले आणि त्यांना जुनी चादर शिवली. पडदे नसल्यामुळे समोरच्या काकूंना आमचं घर आता आरपार दिसू लागलं आणि त्यांचे सल्ले वाढले. मुलीला ते न्यायचं नव्हतं. मी तिला बरंच समजावलं. शेवटी ती मान खाली घालून स्ट्रेचर घेऊन गेली, आणि मी मागोमाग जाऊन खिडकीबाहेर उभा राहिलो.

जखमी व्हायला सर स्वतः पुढे आले. भला माणूस. ते आडवे झाले, मुलांनी 'एक, दोन, तीन' म्हटलं, दांडे उचलले गेले आणि चादर खालीच राहिली. सरही चादरीबरोबर राहिले. फार लागलं नाही, पण कंबर धरून ते जे बसले ते गोल सुरू होईपर्यंत उठले नाहीत. मग कॅप्टनची पाळी आली. तिने माझ्या मुलीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हिने आज सरांना पाडलं."

सर नियमाला पक्के. काम तर झालं होतं. तो रविवार मोजला गेला. घरी येताना मुलगी माझ्यापासून चार पावलं पुढे चालत होती आणि हाक मारली तरी थांबत नव्हती.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. एका उंच मुलीच्या मर्जीवर माझ्या मुलीचं शिबिर अवलंबून राहणार, तर सक्रिय सहभागाची व्याख्या तरी कागदावर कुठे आहे ते बघायला हवं. मी रजा टाकली आणि पथकांच्या मुख्य कार्यालयात गेलो.

तिथे पहिल्या खिडकीवर मला कळलं की सक्रिय सहभाग तिसऱ्या खिडकीवर मिळतो. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी मला निष्क्रियतेच्या खिडकीवर पाठवलं, कारण माझी केस निष्क्रियतेची होती. तिथला माणूस जेवायला गेला होता. तो आला, त्याने हात पुसले आणि व्याख्या वाचून दाखवली: ज्या सहभागात सभासद सक्रियपणे सहभागी होतो, तो सक्रिय सहभाग. मी म्हटलं, यातून काय कळलं? तो म्हणाला, गेली कित्येक वर्षं यात कोणालाही अडचण आलेली नाही. हे वाक्य मी स्वतः ऑफिसात रोज वापरतो. समोरून ऐकायला ते किती वाईट लागतं, याची मला कल्पना नव्हती.

मी आवाज चढवला. त्याचा उपयोग झाला आणि तेच वाईट झालं. कार्यालय जागं झालं. त्यांनी सरांना कळवलं की तुमच्या पथकातल्या एका पालकाची सहभागाबद्दल तक्रार आहे, तरी यापुढे प्रत्येक मुलाचा सहभाग सक्रिय असल्याची खात्री करावी. सरांनी ते निमूटपणे सगळ्या पालकांना सांगितलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण स्ट्रेचरनंतर ते घेण्याची गरजही नव्हती.

पुढच्या रविवारी व्यायामशाळेत पाऊल ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या हातात काहीतरी दिलं होतं. एकच कोपरा आठ जण झाडत होते. एकाने मदतीला शिडी आणली होती आणि ती कुठे लावावी हे त्याला ठरवता येत नव्हतं. प्रथमोपचारवाल्या मुलांना जखमी मिळेना, म्हणून त्यांनी एका धडधाकट मुलाला धरून डोक्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज बांधलं, आणि मग त्याला पाणी कसं पाजायचं हा प्रश्न उभा राहिला. तंबू ठोकायला इतके हात लागले की तो फाटला. सर मध्यभागी कंबर धरून उभे होते. त्या दिवशी गोल झाला तेव्हा सगळ्यांच्या उजवीकडच्यांनी भरपूर काही केलं होतं. फक्त माझ्या मुलीच्या वेळी कॅप्टन खाली बघत म्हणाली, "काही नाही."

आता मला घाम फुटला. शिबिर तोंडावर आलं होतं. शिरस्तेदार काका म्हणाले, साक्षीदार फितूर आहे, त्याच्या घरी जायला हवं. कॅप्टनची आई दातांची डॉक्टर, शिवाय पालक समितीची अध्यक्ष. दवाखान्यात पेशंटखेरीज कोणाला आत सोडत नाहीत असं बाहेरच्या मुलीने सांगितलं, म्हणून मी म्हटलं, दाढ दुखतेय. मी आत गेलो, खुर्चीत बसलो, आणि विषय काढायला तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी लगेच त्यात आरसा घातला.

दाढेत खरंच कीड निघाली. दातांच्या डॉक्टरांची एक खोड असते. तुमच्या तोंडात कापूस, नळी आणि त्यांची बोटं असतानाच त्यांना गप्पा सुचतात. तुमचीही मुलगी पथकात आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी 'आ' असं उत्तर दिलं. मग ड्रिल सुरू झालं आणि बाई लेकीचं कौतुक सांगू लागल्या. पथकाने किती फरक पडतो बघा. माझी मुलगी घरी अंधाराला इतकी घाबरते की रात्री दिवा लागल्याशिवाय बाथरूमपर्यंत जात नाही. खोलीत उजेड ठेवूनच झोपते. हे तुम्हाला म्हणून सांगतेय हं, बाहेर कोणाला माहीत नाही. पण पथकात गेली की वाघीण. व्यायामशाळेखाली ते तळघर आहे ना, दिवा नसलेलं? दोर, तंबू सगळं तिथे असतं. दर रविवारी ते सामान वर आणायला माझी मुलगी एकटी खाली जाते. एकटी. मला तर ऐकूनच भरून आलं.

ड्रिल चालू होतं तरी मी उठून बसायला गेलो. बाईंनी मला खांद्याला धरून परत आडवं केलं. डोळ्यांसमोर कोळिष्टकं दिसत होती. बैठकीच्या खोलीत उभी राहून 'असतं काहीतरी' असं सांगणारी, केसांत कोळिष्टकं माळून आलेली माझी मुलगी दिसत होती. मी 'आ, आ' करून बरंच काही सांगितलं. बाईंनी बधिर करायचं औषध थोडं आणखी दिलं.

घरी आलो तो अर्धं तोंड बधिर आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं प्रकरण. मुलीला गॅलरीत नेलं, दार लावलं आणि विचारलं. ती आधी पांढरी पडली आणि मग लाल झाली.

"कोणाला सांगितलंस?"

अजून कोणालाच नाही, मी म्हटलं, कारण ओठ हलत नाहीयेत. पण आता सांगणार. सरांना सांगणार, मुख्य कार्यालयाला सांगणार. तू त्या अंधारात दर रविवारी तिच्याबरोबर उतरतेस आणि ती वर येऊन काही नाही म्हणते. याला काय म्हणायचं?

"मीच सांगितलंय तिला तसं म्हणायला. 'ही माझ्याबरोबर आली' असं ती म्हणाली, की सगळे विचारणार, का आली? मग ती काय सांगेल? बाबा, ती परत पथकात येणार नाही रे."

आणि तुझं शिबिर? मी विचारलं. ती बराच वेळ गॅलरीच्या गजाचा रंग नखाने खरवडत राहिली. मग नाही जाणार, असं म्हणाली. थोड्या वेळाने तिने मलाच विचारलं, "पण तिथे रात्री तिच्याबरोबर कोण असेल?"

मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिचा रागही आला, आणि दोन्हींवर काही इलाज नव्हता. तिने माझ्याकडून शब्द घेतला. कोणाला म्हणजे कोणालाही नाही, आईलासुद्धा नाही. मी दिला. दिला खरा, पण असा शब्द मी आयुष्यात कधी पाळलेला नव्हता आणि हे तिला चांगलं माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली.

तो आठवडा मी मूग गिळून काढला. पुरावा हातात, तक्रार करायचं वेड अंगात, आणि तोंडाला कुलूप. मला बसवेना, उभं राहवेना. ऑफिसात एक गृहस्थ मीटर उलटा फिरतो म्हणून सांगत होते, मी मध्येच म्हणालो, कधी कधी न बोलणंच बरं असतं. ते साहेबांकडे गेले. शिरस्तेदार काका जिन्यात भेटले तर मी छताकडे बघत वर गेलो. लिफ्टमधून लिफ्टबद्दल अवाक्षर न काढता उतरलो, तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं. दाढ दुखतेय, मी म्हटलं. निदान ते खरं होतं.

शेवटचा रविवार आला. सरांनी सगळ्या पालकांना बोलावलं होतं. शिबिराला कोण जाणार ते आज ठरणार होतं, आणि पथकाची रीत एकदा सगळ्यांनी डोळ्यांनी बघावी म्हणजे पुढे शंका नकोत, असं सर म्हणाले. शंका म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पालक भिंतीलगतच्या बाकांवर बसले. दोघांना मात्र सरांनी गोलात उभं केलं: तक्रारदार म्हणून मला आणि समितीच्या अध्यक्ष म्हणून डॉक्टरीणबाईंना. मुलीच्या उजवीकडे मी, माझ्या उजवीकडे बाई.

सुरुवात नेहमीप्रमाणे कॅप्टनपासून झाली. "उजवीकडच्याने आज काय केलं?" सरांनी विचारलं.

माझ्या मुलीच्या दोन्ही गुडघ्यांवर धूळ होती. कानामागे कोळिष्टक लोंबत होतं. ते कोणालाच कसं दिसत नाही, याचं मला नवल वाटलं. कॅप्टनने ओठ चावला. "काही नाही," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि मुलीकडे वाईट वाटल्यासारखं पाहिलं. त्या मान हलवण्यात शिबिर गेलं, हे मला कळलं. सगळं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माझं तोंड उघडलं. बाकावरून बायकोने डोळे मिटून घेतले. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, पण तिने माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं.

"तुम्हाला काही सांगायचंय?" सरांनी मला विचारलं.

नाही, असं मी म्हणालो. एवढा कठीण शब्द मी पूर्वी उच्चारला नव्हता.

मग मुलीची पाळी. उजवीकडच्याने, म्हणजे मी, आज पथकासाठी काय केलं? "बाबा गप्प बसला," ती म्हणाली.

बाकांवर हशा पिकला. सरही हसले. गप्प बसणं हा सहभाग कसा, असं त्यांनी विचारलं. तुम्ही त्याला ओळखत नाही सर, ती म्हणाली, आणि हसू आणखी वाढलं. माझे कान तापले. हसली नाही फक्त कॅप्टन. ती वाकून माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मला सगळं माहीत आहे हे तिला कळलं आहे. तिने हात वर केला.

"सर, मी खोटं बोलले. दोर आणायला ही माझ्याबरोबर तळघरात येते. दर रविवारी येते. पुढे ती चालते. मला अंधाराची भीती वाटते."

कोणी हसलं नाही. तो एकच कोपरा झाडणाऱ्या आठ जणांमधला एक मुलगा तेवढा हळूच म्हणाला की त्यालाही वाटते. सरांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले की माझ्या मुलीचे सगळे रविवार ते आता मोजणार, आणि कॅप्टनचा आजचा रविवार सगळ्यांत आधी. शिबिरात दोघींचा तंबू एक. मुलीने माझा शर्ट सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला रडू येत होतं, पण अजून माझी पाळी व्हायची होती.

"आणि तुमच्या उजवीकडच्यांनी आज काय केलं?" सरांनी विचारलं.

माझ्या उजवीकडे डॉक्टरीणबाई वर छताच्या पंख्याकडे बघत उभ्या होत्या. गावभर सांगितलेलं 'एकटी, एकटी' आता त्यांना आठवत असणार. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि कोणाला दिसू नये म्हणून त्या ते मनगटाने पुसत होत्या. मला ते अगदी जवळून दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांनाही दिसलं. अख्खं पथक माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"काही नाही," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली आणि बाईंना काही न विचारता ते पुढच्या मुलाकडे वळले.